कंकालेश्वराचा काळा दगड

* बीडच्या कंकालेश्वर मंदिराचे छायाचित्र. पाण्याच्या कुंडात उभे असलेले हे मंदिर निव्वळ काळे नाही. दगडात करडी, निळसर झाक आहे आणि छपाईत आधी तीच हरवते. पडद्यावरचे लाल-हिरवे-निळे रंग छपाईच्या चार शाईंमध्ये बदलताना, १,६७,७७,२१६ संभाव्य रंगांपैकी प्रत्येक पिक्सेलच्या रंगाचे अवघड गणित नव्याने मांडले, तर संगणक रेंगाळतो. म्हणून ३३×३३×३३, म्हणजे ३५,९३७ रंगांची उत्तरे आधीच काढून तक्त्यात ठेवतात. तक्त्यात नसलेला मधला रंग शोधताना त्याच्याभोवतीच्या नोंदींच्या घनाच्या आठ कोपऱ्यांऐवजी त्या रंगाला वेढणाऱ्या चतुष्फलकाचे चारच कोपरे घेतले, की काम हलके होते. शिवाय करड्या छटाही नीट टिकतात, आणि आम्हाला त्यांचीच काळजी होती. या पानाची नमुनाप्रत कुंडाच्या काठावर, दिवसाउजेडी, दगडाशी ताडून पाहिली आहे. — संपादक