दहा हजार चौकोनांची गोष्ट

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण शिवकाल-पेशवाईचा नाही. आपण जायचंय २००५ सालात. तुमच्यातले काही तेव्हा जन्मलेही नसतील. प्रश्न मात्र आजचाच आहे. वेबसाइट तर केली, मसाले असोत, दागिने असोत, शिकवणी असो. खिशात चार-पाच हजार उरलेत. आता ही साइट आहे हे लोकांना कळणार कसं?

आधी तो काळ डोळ्यांसमोर आणा. यूट्यूब सुरू होऊन काही महिनेच झाले होते. फेसबुक विद्यार्थ्यांपुरतं होतं. ट्विटर, व्हॉट्सअॅप, इन्स्टाग्राम यातलं काहीच नाही. रील टाकली आणि व्हायरल झाली, हा प्रकारच अस्तित्वात नव्हता. आपल्याकडे नेट म्हणजे बहुतेकांसाठी सायबर कॅफे. गूगलवर क्लिकमागे पैसे देऊन जाहिरात करता यायची, पण त्यातही मोठ्या खिशाचा माणूस बोली वाढवून पुढे जायचा. आजही जातो म्हणा.

तर इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यात क्रिकलेड नावाचं छोटं गाव आहे. तिथला अॅलेक्स ट्यू हा २१ वर्षांचा मुलगा नॉटिंगहॅम विद्यापीठात बिझनेस मॅनेजमेंटची पदवी घ्यायला निघाला होता. शिक्षण संपेपर्यंत डोक्यावर कर्जाचा डोंगर होणार, ही त्याची चिंता. एका रात्री वही घेऊन तो बसला आणि दहा लाख डॉलर कसे मिळवता येतील, असा प्रश्न त्याने लिहून काढला. आता असा प्रश्न वहीत लिहिणारे आपल्या ओळखीतही दहा जण निघतील. याने उत्तरही लिहिलं.

उत्तर असं की एक वेबपेज करायचं, हजार पिक्सेल रुंद आणि हजार पिक्सेल उंच. पिक्सेल म्हणजे स्क्रीनवरचा एक ठिपका. हजार गुणिले हजार, झाले दहा लाख ठिपके. एका ठिपक्याचा भाव एक डॉलर. एक ठिपका डोळ्याला दिसणारच नाही, म्हणून किमान दहा बाय दहाचा चौकोन घ्यायचा, १०० डॉलरला. तेव्हाच्या हिशोबाने साडेचार हजार रुपयांच्या आत. त्या चौकोनात तुमचं चित्र, त्यावर क्लिक केलं की तुमची साइट उघडणार, आणि पान किमान पाच वर्षं चालू ठेवायची हमी. चौकोन केवढा? तेव्हाच्या मॉनिटरवर जेमतेम साबुदाण्याच्या दाण्याएवढा.

नाव दिलं ‘द मिलियन डॉलर होमपेज’. डोमेन आणि साधं होस्टिंग मिळून खर्च ५० युरो, म्हणजे पावणेतीन हजार रुपयांच्या आत. २६ ऑगस्ट २००५ ला पान सुरू झालं.

पान कोरं होतं. कोऱ्या पानावर जाहिरात कोण देणार? इथे मला गणपती मंडळाचं पावतीपुस्तक आठवतं. पहिली पावती कधी अनोळखी दुकानदाराची फाडतात का? पहिली पावती घरच्याच कुणाची, ओळखीतल्या काकांची. मग ते पुस्तक पुढच्या दारात उघडून दाखवायचं, की बघा, यांनी एवढे दिलेत. ट्यूनेही तेच केलं. तीन दिवसांनी पहिली विक्री झाली ती २० बाय २० च्या चौकोनाची, ४०० डॉलरची, आणि घेणारी होती एका मित्राचीच गाण्यांची वेबसाइट. पहिल्या दोन आठवड्यांत मित्र आणि घरच्यांनी मिळून ४,७०० पिक्सेल घेतले.

बऱ्याच जणांना हा टप्पा लाजिरवाणा वाटतो. ओळखीतल्यांना काय विकायचं, असं म्हणतात. पण या अख्ख्या गोष्टीत मला हाच टप्पा सगळ्यात शिकण्यासारखा वाटतो. कारण त्या पैशांनी ट्यूच्या हातात एक आकडा आला. ‘मला दहा लाख डॉलर मिळवायचेत’ ही झाली बढाई. ‘मी ठिपके विकतोय आणि हजार डॉलर जमलेत’ ही झाली बातमी. हजार डॉलर जमल्यावर त्याने प्रेसनोट पाठवली, आधी नाही. बीबीसीने ती उचलली. सप्टेंबरमध्ये ‘द रजिस्टर’ या तंत्रज्ञानाच्या साइटवर दोन लेख आले, आणि तिथून चाक फिरलं.

पुढे आकडेच बोलतात. सप्टेंबरअखेर अडीच लाख डॉलर. २६ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे बरोबर दोन महिन्यांत, १,४०० गिऱ्हाइकांनी मिळून ५,००,९०० पिक्सेल घेतले होते. साइटवर ट्यूचा स्वतःचा ब्लॉग होता, तिथे किती विकलं, किती राहिलं, हे तो सांगत राहायचा. पत्रकाराला दर आठवड्याला नवा आकडा मिळाला की दर आठवड्याला नवी बातमी होते. शिवाय शेवट ठरलेला होता. दहा लाख संपले की दुकान बंद. क्रिकेटच्या चेससारखं झालं ते. पोरगा पोहोचतो का नाही, हे बघायला लोक येत होते.

डिसेंबरअखेर ९,९९,००० पिक्सेल संपले. शेवटचे हजार त्याने १ जानेवारी २००६ ला ईबेवर लिलावात काढले. ११ तारखेला लिलाव बंद झाला तेव्हा त्या हजार ठिपक्यांना ३८,१०० डॉलर आले होते, ठिपक्यामागे ३८ डॉलरहून जास्त! एकूण जमा १०,३७,१०० डॉलर. त्यातून कर आणि खर्च गेला, पण नॉटिंगहॅमच्या फीचा प्रश्न मिटला. फी मात्र वायाच गेली, कारण पहिल्या टर्मनंतर त्याने कॉलेज सोडलं.

एक भानगडही झाली. त्याच जानेवारीत खंडणीच्या मेल आल्या. आधी ५,००० डॉलर मागितले, नंतर ५०,०००. नाही दिले तर साइट पाडू. त्याने दिले नाहीत, आणि साइट खरंच पडली. एकाच वेळी असंख्य कॉम्प्युटरवरून खोट्या भेटींचा मारा करून सर्व्हर बंद पाडतात, तसा हल्ला. साधारण आठवडाभर पान नीट उघडत नव्हतं. तपासात एफबीआयसुद्धा उतरली.

ही गोष्ट साधारणपणे इथवरच सांगतात. हुशार मुलगा, भन्नाट आयडिया, करोडपती. मला मात्र खरा प्रश्न दुसऱ्या बाजूचा वाटतो. तो विकणारा झाला श्रीमंत. घेणाऱ्यांचं काय? चौकोन घेणाऱ्यांत डेटिंगच्या साइट होत्या, कर्ज देणाऱ्या, फुकट सॅम्पल वाटणाऱ्या, रिंगटोन विकणाऱ्या साइट होत्या. काही मोठी नावंही होती. पण शंभर-दोनशे डॉलरवाले बरेचसे आपल्यासारखेच होते. नवी साइट, खिशात थोडे पैसे.

त्यांनी काय घेतलं ते नीट बघू. १०० पिक्सेल म्हणजे पानाचा दहा हजारावा भाग. आपल्याकडे वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात बघा, मधोमध एक मोठा चेहरा आणि खाली पन्नास शुभेच्छुकांचे तिकिटाएवढे फोटो. मिलियन डॉलर होमपेज म्हणजे तसाच फ्लेक्स, फक्त मधला मोठा चेहराच नाही. सगळेच शुभेच्छुक. कोण काय विकतंय ते कळत नाही, डोळे नुसते भिरभिरतात.

पण वेळेचा फरक मोठा होता. सप्टेंबरच्या सुरुवातीला पान जवळजवळ कोरं होतं. कोऱ्या कागदावर एकच टिकली लावली तर ती दिसतेच. त्या दिवसांत बातमी वाचून जो माणूस पान बघायला आला, त्याच्यापुढे क्लिक करायला मोजकेच चौकोन होते. डिसेंबरमध्ये तोच चौकोन, तोच १०० डॉलर भाव, पण आजूबाजूला हजारो चौकोन. भाव सारखा, माल वेगळा. आणि गंमत अशी की पान रिकामं असताना विश्वास नसतो म्हणून लोक थांबतात, आणि भरल्यावर ‘सगळे घेतायत’ म्हणून धावतात. म्हणजे गर्दी झाल्यावर, जेव्हा दिसण्याची शक्यता सगळ्यात कमी, तेव्हा.

त्यातून एक वेगळा हिशोबही निघायचा. एखाद्या पानाकडे किती साइटवरून लिंक येतात हे गूगल बघतं, आणि गाजलेल्या पानावरून आलेल्या लिंकचं वजन जास्त धरतं. त्या अर्थाने हा चौकोन अगदीच वाया गेला असं नाही म्हणता येणार. पण त्या गर्दीत कुणीही रिंगटोन किंवा कर्ज शोधत आलेलं नव्हतं. सगळे तो पानवाला मुलगा बघायला आले होते. जत्रेत मौत का कुआँ बघायला आलेल्याला तुम्ही विम्याची पॉलिसी विकायला उभे राहिलात, तर गर्दी खरी, गिऱ्हाईक शून्य.

आणि नक्कल करणाऱ्यांचं काय झालं? काही आठवड्यांतच ठिपके विकणाऱ्या साइटचं पीक आलं. वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या भाषांत, कुणी स्वस्तात, कुणी मोठ्या पानावर. मूळ पानासारखं यश त्यांना आलं नाही. पिक्सेल तेच, कोड सोपा, भाव कमी, तरी नाही. कारण विकले जात होते ते ठिपके नव्हतेच, बातमी होती. आणि ती बातमी होऊन गेली होती. खुद्द ट्यूलाही हे चुकलं नाही. २००६ च्या डिसेंबरमध्ये त्याने ‘पिक्सेलोटो’ काढलं. ठिपका २ डॉलरला, आणि जाहिरातींवर क्लिक करणाऱ्यांपैकी एकाला मोठं बक्षीस. सगळे ठिपके विकले गेलेच नाहीत. त्याच माणसाने, गाजलेलं नाव घेऊन करूनही! पुढे २०१२ मध्ये त्याने मायकेल अॅक्टन स्मिथबरोबर काढलेलं ‘काम’ हे ध्यानाचं अॅप मात्र जगभर गेलं. तुमच्यापैकी कुणीतरी रात्री झोप येत नाही म्हणून ते लावत असेल.

आज कुणी मला विचारतं की चार हजार आहेत, अमुक पेजवर स्टोरी टाकायला देऊ का, तेव्हा मी हेच दोन प्रश्न परत विचारतो. तिथे आलेला माणूस काय बघायला आलाय? आणि तुमच्याबरोबर त्या दिवशी तिथे अजून किती चौकोन आहेत? आणि हो, तुमची स्वतःची चार ओळखीतली गिऱ्हाइकं आधी झाली का? ती झाली नसतील तर बाहेरच्या माणसाला दाखवायला आकडाच नाही.

आता त्या पानाचं पुढे काय झालं. पाच वर्षांची हमी २०१० मध्ये संपली, तरी पान अजून उघडतं. २०१७ मध्ये हार्वर्डच्या एका ग्रंथालय-प्रयोगशाळेने त्यावरच्या लिंक तपासल्या. एकूण २,८१६ लिंक, त्यातल्या ५४७ पूर्ण मेलेल्या, आणि ४८९ भलत्याच ठिकाणी किंवा डोमेन विक्रीच्या पानावर नेणाऱ्या. म्हणजे तेव्हाच तिसऱ्या हिश्श्याहून जास्त दुकानांच्या पाट्या राहिल्या होत्या आणि मागचं दुकान गेलं होतं. सुटलेली डोमेन नंतर कुणीही विकत घेतं, त्यामुळे तिथल्या लिंकवर गंमत म्हणूनसुद्धा जरा जपून क्लिक करा.

फोनवर उघडाल तर अख्खं पान हाताच्या पंजात मावतं, आणि साबुदाण्याची रवा होते. दोन बोटांनी झूम करावं लागेल. मग एखाद्या चौकोनावर बोट ठेवाल आणि शेजारचाच उघडेल. उघडला तर.