डार्विनचे न शिजलेले बटाटे

संशोधनाकडे वळणारे बरेच जण विचारतात, "आधी हायपोथिसिस पक्कं करायचं की आधी डेटा गोळा करायचा?" याचं एका ओळीत उत्तर मला देता येत नाही. त्यापेक्षा एका दिवसाची गोष्ट सांगतो. दिवस २१ मार्च १८३५. ठिकाण अँडीजमधली पेउकेनेस ही डोंगररांग. माणूस २६ वर्षांचा चार्ल्स डार्विन. म्हणजे पीएचडीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातला विद्यार्थीच म्हणा ना!

डार्विन म्हटलं की आपल्याला गालापागोस बेटं आठवतात. पण तिथे पोचण्याच्या सहा महिने आधी तो सांतियागोहून अँडीज ओलांडायला निघाला होता. सोबत मारियानो गोन्सालेस हा जुना सोबती, एक खेचरवाला, दहा खेचरं आणि गळ्यात घंटा बांधलेली एक घोडी. घोडी पुढे गेली की खेचरं मुकाट तिच्यामागे जायची. बर्फात अडकलो तर हाताशी असावा म्हणून शिधा जास्तीचा घेतला होता.

डोक्यात प्रश्न होताच. महिन्याभरापूर्वी, २० फेब्रुवारीला, चिलीत मोठा भूकंप झाला होता आणि किनाऱ्याची जमीन काही फूट वर उचलली गेली होती. अशाच छोट्या छोट्या धक्क्यांनी, लाखो वर्षांत, अख्खा पर्वत उभा राहू शकेल का? चार्ल्स लायेलचं भूविज्ञानावरचं पुस्तक वाचून त्याची नजर तयार झाली होती.

दुपारी चढ सुरू झाला. उंची १३,००० फुटांच्या वर. खेचरं दर पन्नास यार्डांवर थांबून धापा टाकायची. विरळ हवेत लागणाऱ्या या धापेला तिथले लोक 'पुना' म्हणत आणि त्यावर कांदा खायला सांगत. डार्विनलाही त्रास होत होता. पण वरच्या कड्यावर समुद्री शंखशिंपल्यांचे जीवाश्म दिसले आणि धाप कुठल्या कुठे गेली, असं तो लिहितो. जे जीव कधी काळी समुद्राच्या तळाशी रांगत होते, ते आता त्याच्या पायाखाली, डोंगरमाथ्यावर होते.

त्याच चढावर बर्फात खेचरांच्या खुरांचे ठसे लालसर दिसले. त्याला आधी वाटलं, आजूबाजूच्या लाल खडकांची धूळ असेल. अंदाज चुकीचा होता. त्याने ते बर्फ कागदावर घासलं, डाग जपून ठेवला आणि नंतर खरवडून पाहिला. त्यात अतिसूक्ष्म गोल कण निघाले. ते बर्फात वाढणारं शेवाळ होतं.

रात्री मुक्काम उघड्यावर, सुमारे ११,००० फुटांवर. बटाटे उकळायला ठेवले. रात्रभर भांडं चुलीवर होतं, सकाळी पुन्हा उकळलं, तरी बटाटे कच्चेच! सोबती दोघं आपसात बोलत होते, ते डार्विनच्या कानावर पडलं. त्यांचा निष्कर्ष : हे मेलं नवीन भांडंच बटाटे शिजवायला तयार नाही.

हसू नका. भांडं खरंच नवीन होतं. म्हणजे बदललेला घटक त्यांनी बरोबर हेरला होता, फक्त दुसरा बदललेला घटक, उंची, सुटला. इतक्या उंचीवर हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी साधारण ८९ अंशांनाच उकळतं. आपल्या प्रेशर कुकरच्या बरोबर उलट. तेच भांडं खाली खोऱ्यात नेऊन पाहिलं असतं, तर कोडं सुटलं असतं. डार्विनची धूळ आणि त्यांचं भांडं, दोन्ही अंदाज चुकलेच होते. पण एकाची तपासणी झाली, दुसऱ्याची नाही.

आणि खेचरवाल्याला कमी लेखू नका. मध्यरात्री आभाळ भरून आलं तेव्हा घाबरून डार्विनने त्यालाच उठवलं. तो म्हणाला, गडगडाट आणि विजा नसतील तर मोठ्या हिमवादळाचं भय नाही. कोणत्या प्रश्नाला कोणाला विचारायचं, हेही संशोधनच आहे.

दुसऱ्या दिवशी बटाट्याविना नाश्ता करून मंडळी पुढच्या पोर्तिल्यो रांगेकडे निघाली. तिथल्या खडकांत डार्विनला पेउकेनेसच्या दगडांचे गोटे सापडले, शिंपल्यांसकट. साधा तर्क करा : गोटे व्हायला आधी तो डोंगर उभा राहून झिजायला हवा. म्हणजे पेउकेनेस आधीची, पोर्तिल्यो नंतरची. पर्वत एका झटक्यात उभा राहिला नव्हता. तो का उचलला जातो, हे मात्र विसाव्या शतकात भूपट्टांच्या सिद्धांतानंतर नीट कळलं.

आता माझं सांगतो. पहिल्या फील्ड ट्रिपला मी वहीत फक्त 'नमुना घेतला' एवढंच लिहिलं. उंची नाही, वेळ नाही, आजूबाजूला काय वेगळं दिसलं तेही नाही. सहा महिन्यांनी आकडे विचित्र आले, तेव्हा दोष भांड्याचा की उंचीचा, हे शोधायला माझ्याकडे काहीच नव्हतं. ते नमुने फेकावे लागले.

म्हणून प्रश्न घेऊनच निघा, पण वाटेत जे प्रश्नात बसत नाही तेही लिहा. न शिजलेले बटाटेसुद्धा.