तीन चाकांचे खेळणे आणि शेतावरचा गडी

वाहनांच्या इतिहासाकडे वळणाऱ्या लेखकांची दृष्टी प्रथम आगगाडीवर स्थिरावते, नंतर मोटारीवर आणि अखेरीस विमानावर. बांधावरून, चिखलातून व डोंगरउतारावरून ओझी वाहणाऱ्या लहानसहान वाहनांना त्या इतिहासात क्वचितच जागा मिळते. वास्तविक सामान्य शेतकऱ्याचे कष्ट ज्यांनी हलके केले, आणि कधीकधी त्याचे प्राणही ज्यांनी घेतले, ती वाहने हीच होत. त्यांपैकी एका वाहनाची कथा आज वाचकांपुढे ठेवावी असे आम्ही योजिले आहे. ‘ऑल टेरेन व्हेइकल’, म्हणजे कोणत्याही भूमीवर चालणारे वाहन, हे त्याचे मूळ नाव. व्यवहारात त्यास ‘एटीव्ही’ म्हणतात आणि चार चाकांचे असल्यास ‘क्वाड’ असेही म्हणतात. कारखान्याने ते एका हेतूने घडविले, शेतकऱ्याने ते भलत्याच हेतूने वापरले. या दोन हेतूंमधील अंतरातच त्याचा सारा इतिहास साठविलेला आहे.

या कथेचा उगम शेतात नसून दुकानात आहे. १९६७ च्या सुमारास होंडा कंपनीच्या अमेरिकेतील विक्रेत्यांपुढे एक साधी अडचण होती. हिवाळ्यात बर्फ पडले की मोटारसायकली विकल्या जात नसत. त्या दिवसांतही खपेल असे काहीतरी वाहन द्यावे, अशी मागणी जपानात पोहोचली आणि ओसामू ताकेउची या अभियंत्याकडे ते काम आले. त्याने दोन चाकांपासून सहा चाकांपर्यंत निरनिराळ्या रचना करून पाहिल्या व शेवटी तीन चाकांची रचना पसंत केली. खरा शोध मात्र चाकांच्या संख्येत नव्हता, तो टायरांत होता. त्या काळी उत्तर अमेरिकेत ‘ॲम्फिकॅट’ नावाचे सहा चाकांचे, पाण्यातही चालणारे वाहन मिळत असे. त्याचे फुग्यासारखे मऊ टायर ताकेउचीच्या पाहण्यात आले. मोटारीच्या टायरात तीस पौंडांच्या आसपास हवेचा दाब असतो, तर अशा टायरांस अवघे काही पौंड पुरतात. असा टायर जमिनीत रुतत नाही. तो जमिनीवर पसरतो, आणि वाहनाचा भार विस्तृत पृष्ठभागावर वाटला गेल्यामुळे बर्फ, वाळू व चिखल ही तिन्ही त्यास सारखीच होतात. १९७० मध्ये हे वाहन ‘यूएस-९०’ या नावाने अमेरिकेत विक्रीस आले. शक्ती सात अश्वबळांची, किंमत ५९५ डॉलर. पुढे त्याचेच नाव ‘एटीसी-९०’ असे झाले.

हे वाहन करमणुकीसाठीच जन्मास आले होते, हे येथे विसरता कामा नये. वाळूच्या टेकड्यांवर आणि बर्फाळ माळांवर सुटीच्या दिवशी उधळावयाचे ते एक खेळणे होते. परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीस खेळणे हे खेळणे म्हणून दिसतच नाही. त्यातून कोणते काम निघेल, हेच तो प्रथम पाहतो. १९७३ च्या तेलटंचाईनंतर इंधनाचा प्रश्न बिकट झाला, तेव्हा कुंपण पाहावयास किंवा चुकलेले वासरू शोधावयास ट्रॅक्टर अथवा ट्रक काढणे अनेकांस परवडेनासे झाले. त्यापेक्षा हे तीन चाकांचे यंत्र स्वस्त पडे आणि पेट्रोलही थोडेच पिई. शेतात त्याचा प्रवेश होताच त्याची पहिली उणीव उघडी पडली. नुकतेच पीक कापलेल्या रानातील टोकदार धसकटे त्या मऊ टायरांत सुरीसारखी शिरत. १९७५ मध्ये कंपनीने टायरांस आतून कापडाचा थर देऊन ते बळकट केले. वाहन कशासाठी आहे हे कारखान्याला शेताने शिकविल्याचा हा पहिला प्रसंग म्हणावयास हरकत नाही.

यानंतरची वाटचाल त्याच दिशेने झाली. वाहनास पुढेमागे लोखंडी जाळ्या जोडून त्यांवर गवताचे भारे, कुंपणाचे खांब वा बियाण्यांची पोती लादण्याची प्रथा रूढ झाली. मागे लहानशी गाडी जोडली गेली. पुढे दोर गुंडाळणारी विजेची गराडी बसली, तर कोठे बर्फ लोटण्याचे पाते आले. गाडीच्याच बॅटरीवर चालणारा पंप व पाण्याची टाकी चढवून औषधफवारणी होऊ लागली. १९८२ साली होंडाने ‘बिग रेड’ नावाचे तीनचाकी वाहन मुद्दाम कामासाठी म्हणून काढले आणि त्यास कारखान्यातूनच जाळ्या बसविल्या. त्याच वर्षी सुझुकीने चार चाकांचे पहिले ‘क्वाडरनर’ बाजारात आणले. १९८६ मध्ये होंडाच्या ‘फोरट्रॅक्स’ वाहनाच्या चारही चाकांस इंजिनाची गती मिळू लागली आणि न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियातील मेंढपाळांपासून अमेरिकेतील गुराख्यांपर्यंत अनेकांनी घोड्यावरून उतरून त्यावर मांड ठोकली. स्वस्त, काटक आणि तक्रार न करणारा असा एक गडीच त्यांना मिळाला होता.

परंतु हा गडी बेभरवशाचाही होता. त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे, कारण पुढील साऱ्या वादाचे मूळ त्यातच आहे. मोटारीच्या मागील दोन चाकांमध्ये अशी योजना असते, की वळताना बाहेरचे चाक अधिक व आतले चाक कमी फिरावे. त्या तीनचाकी वाहनांत ही योजना नव्हती. दोन्ही चाके एकाच दांड्यावर घट्ट बसविलेली असत. त्यामुळे वळावयाचे तर स्वाराने अंग कलते करून, भार सरकवून आतले चाक घसरू द्यावे लागे. सायकलीच्या सवयीने जो वळणावर पाय टेकी, त्याच्या पायावरून मागचे चाक जाण्याचा संभव असे. येथे स्वार हा केवळ चालक नसून वाहनाच्या तोलाचाच एक भाग असतो. लांब बैठक पाहून पुष्कळांस वाटते की ती दोघांसाठी आहे. वास्तविक ती एकट्यानेच पुढेमागे सरकून तोल सांभाळावा, एवढ्यासाठी लांब केलेली असते. मागे मूल बसविले, की स्वाराची सरकण्याची जागाच नाहीशी होते.

आता शेतकऱ्याने केलेल्या फेरफारांकडे या दृष्टीने पाहावे. शंभर लिटर पाण्याची टाकी म्हणजे शंभर किलो वजन, आणि तेही उंचावर. भरलेल्या टाकीपेक्षा अर्धी टाकी अधिक घातक ठरते. उतारावर आडवे जाताना तिच्यातील पाणी खालच्या अंगास धावते आणि आधीच कललेल्या वाहनास आणखी कलविते. मागील ओझ्याची साखळी आसाच्या वर बांधली, तर जोराने ओढताना वाहनाचे तोंड उचलले जाते व ते मागे उलटते. अधिक उंच टायर बसविले की चिखलातून निभाव लागतो, पण तोल वर सरकतो. प्रत्येक सुधारणा आपापल्या जागी शहाणपणाचीच असते. त्या सगळ्या एकत्र आल्या म्हणजे कोणा भल्या माणसाच्या अंगावर तीनशे किलोंचे यंत्र पालथे पडते, आणि दूरच्या कुरणात त्याची हाक ऐकावयास कोणी नसते.

१९८० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत या अपघातांनी भयंकर रूप धारण केले. एकेका वर्षात ८०,००० हून अधिक जखमी रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत येऊ लागले आणि त्यांत मुलांची संख्या मोठी होती. ग्राहकांच्या सुरक्षिततेसाठी नेमलेल्या तेथील आयोगाने १९८७ च्या अखेरीस उत्पादकांविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. १९८८ मध्ये तडजोड होऊन नवीन तीनचाकी वाहनांची विक्री थांबली, आणि शिक्षण देण्याचे व मोठी वाहने सोळा वर्षांखालील मुलांसाठी न विकण्याचे उत्पादकांनी मान्य केले. त्या कराराची मुदत दहा वर्षांची होती. पुढे चीनमध्ये तयार झालेली अतिशय स्वस्त वाहने बाजारात आली. ती काढणारे उत्पादक त्या जुन्या कराराने बांधलेले नव्हते. तेव्हा २००८ च्या कायद्याने सुरक्षिततेची ऐच्छिक मानके सर्वांवर बंधनकारक झाली आणि नव्या तीनचाकी वाहनांची आयात व विक्री निषिद्ध ठरली.

तरी मूळ वाद संपला नाही. उत्पादक म्हणत, दोष वापरणाऱ्याचा आहे. त्याने शिकावे, शिरस्त्राण घालावे, ओझ्याची मर्यादा पाळावी. टीकाकार म्हणत, दिवसभर राबून थकलेला माणूस चुकणारच. त्याची चूक प्राणघातक होणार नाही, असे यंत्र करणे हे करणाऱ्याचे कर्तव्य आहे. या वादात ऑस्ट्रेलियाने निर्णायक पाऊल टाकले. तेथे बैठकीच्या मागे उलट्या ‘यू’ आकाराची पोलादी कमान बसविण्याची कल्पना पुढे आली होती. वाहन उलटले तरी ते पुरते पालथे होऊ नये आणि खाली सापडलेल्या माणसास फट राहावी, एवढाच तिचा हेतू. २०१९ मध्ये तेथील शासनाने नवे मानक जाहीर केले. त्यानुसार ११ ऑक्टोबर २०२१ पासून सर्वसाधारण कामासाठी विकल्या जाणाऱ्या नव्या क्वाडला अशी कमान व स्थिरतेची किमान कसोटी आवश्यक झाली. उत्पादकांनी तीव्र विरोध केला. कमानीनेच नवी इजा होईल, असे त्यांचे म्हणणे होते. आणि होंडा, यामाहा यांसारख्या कंपन्यांनी तेथे असे क्वाड विकणे थांबविले. ज्या शेताने टायरास कापडाचा थर द्यावयास लाविला, त्याच शेतातील मृत्यूंनी आता कारखान्यास त्याच्या मूळ रचनेचाच जाब विचारला होता.

आम्हां गुजरातेत राहणाऱ्या मराठी वाचकांस ही कथा सर्वस्वी परकी वाटू नये. सौराष्ट्रातील रस्त्यांवर धडधडणारा छकडा आमच्या परिचयाचा आहे. पुढून बुलेट मोटारसायकल, मागून उघडी गाडी आणि मध्ये एका सिलिंडरचे डिझेल इंजिन, अशी त्याची घडण. त्याच सौराष्ट्रात अमरेली जिल्ह्यातील मनसुखभाई जगाणी यांनी १९९४ च्या सुमारास बुलेटचे मागचे चाक काढून तेथे दोन चाके व औतांचा दांडा जोडला. दुष्काळाने बैल दुर्मिळ केले होते, मजूर मिळत नव्हते आणि लहान शेतकऱ्यास ट्रॅक्टर आवाक्याबाहेरचा होता. त्या ‘बुलेट सांती’ने पेरणी आणि कोळपणी होऊ लागली, आणि पुढे तिला अमेरिकेतील पेटंटही मिळाले. अमेरिकन शेतकऱ्याने खेळण्याचा गडी केला, तर आमच्या शेजाऱ्याने मोटारसायकलीचा बैल केला. बुद्धी एकच, गरजही एकच.

परंतु येथेही दुसरी बाजू आहेच. उत्तर भारतात पंपाच्या इंजिनावर चालणाऱ्या ‘जुगाड’ गाड्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अशी गाडी कायद्याच्या दृष्टीने मोटारवाहनच होय, असे न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले. म्हणजे नोंदणी, विमा आणि योग्यतेचा दाखला यांतून तिची सुटका नाही. हा निर्णय कोणास गरिबाच्या कल्पकतेवर घाव वाटेल. परंतु अशा गाडीखाली सापडून ज्याचा कर्ता पुरुष गेला, त्या घराने भरपाई कोणाकडे मागावी, या प्रश्नाला दुसरे उत्तर आम्हांस तरी दिसत नाही.

या साऱ्यावरून आमचा अभिप्राय असा बनला आहे. अल्प किमतीचे यंत्र घेऊन त्यास आपल्या रानाजोगे करून घेणे हा शेतकऱ्याचा जुना धर्म आहे. बैलगाडीच्या साट्यापासून तो चालत आला आहे आणि त्यास कोणी दोष देऊ नये. मात्र जो वाहनावर वजन चढवितो, त्याने ते वजन कोणत्या बाजूस पडेल याचा विचार त्याच वेळी केला पाहिजे. आणि जो यंत्र विकून नफा मिळवितो, त्याने शेतकऱ्याच्या थकव्याचाही हिशेब आपल्या आराखड्यात धरला पाहिजे. पोलादाची ती साधी कमान तिसऱ्या चाकानंतर पुरत्या पन्नास वर्षांनी एका देशाच्या कायद्यात आली. मधल्या काळात उतारावर पडून राहिलेल्या माणसांची नावे कोणत्याही इतिहासात नाहीत. निदान त्यांच्या मृत्यूचे कारण तरी इतिहासाने नोंदवून ठेवावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.