माणदेशी महिला सहकारी बँक
सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी माण तालुक्यात, म्हसवड येथे 1997 साली सुरू झालेली, ग्रामीण स्त्रियांनी स्त्रियांसाठी उभारलेली सहकारी बँक. संस्थापक चेतना गाला सिन्हा. मुंबईत शिकलेल्या या अर्थतज्ज्ञ जयप्रकाश नारायण यांच्या आंदोलनातून घडल्या आणि लग्नानंतर म्हसवडला स्थायिक झाल्या.

बँकेची सुरुवात एका ताडपत्रीपासून झाली. रस्त्याकडेला भट्टी लावून लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्याआधी पालावर घालायला प्लास्टिकचा कागद हवा होता. त्यासाठी रोजचे थोडे पैसे साठवावेत, एवढीच तिची इच्छा. पण इतक्या छोट्या रकमेचे खाते उघडायला एका बँकेने नकार दिला.

मग स्वतःचीच बँक काढायचे ठरले. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला, कारण प्रवर्तक बायकांचे अंगठे. बायका साक्षरतेच्या वर्गात बसल्या. काही महिन्यांनी पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, कोणत्याही रकमेचे व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. तुमचे अधिकारीही कॅल्क्युलेटरशिवाय सांगू देत. परवाना मिळाला. त्यांना अक्षर येत नव्हते, हिशेब मात्र पक्का होता.

केवळ कर्ज पुरत नाही, हे इथे लवकर उमगले. बाईच्या नावावरचे कर्ज अनेकदा घरातला पुरुष वापरतो आणि हप्ता तिच्या माथी येतो, हा सूक्ष्मवित्ताचा एक मोठा दोष आहे. म्हणून बचतीवर भर, दारात येणारी बँकसेवा आणि बसमधून गावोगाव फिरणारी उद्योगशाळा यांची जोड दिली गेली. 2008 पासून म्हसवडहून ‘माणदेशी तरंग’ हे सामुदायिक नभोवाणी केंद्रही चालते.