१,७६,६३,१९,०४९ : एका संख्येचा इतिहास

एखाद्या वर्गसंख्येस ६१ ने गुणून त्यात १ मिळविला असता पुन्हा पूर्ण वर्गच यावा, अशी संख्या कोणती? प्रश्न दिसावयास साधा आहे. ६१ ऐवजी ६० घेतल्यास ४ व ३१ ही उत्तरे मिळतात, ६२ घेतल्यास ८ व ६३. ६१ साठी मात्र, शून्य वगळता, सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० व १,७६,६३,१९,०४९ असे आहे. चाचपडत शोधणाऱ्यास ते सापडणे अशक्यप्रायच.

फ्रेंच गणिती फेर्मा यांनी १६५७ मध्ये हाच ६१ चा प्रश्न फ्रेनिकल यांच्यापुढे ठेवला. या प्रकारच्या समीकरणांची रीत इंग्लंडमध्ये ब्राउंकर व वॉलिस यांनी शोधली. पुढे ऑयलर यांच्या गैरसमजातून समीकरणास पेल यांचे नाव चिकटले. भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' या बाराव्या शतकातील ग्रंथात मात्र ६१ चेच उदाहरण सोडविलेले आहे. भारतीय परंपरेत या विषयास 'वर्गप्रकृती' म्हणतात.

भास्कराचार्यांची चक्रवाल रीत येथे विलक्षण थोडक्यात आटोपते. ८ चा वर्ग ६१ हून ३ ने अधिक आहे. येथून चक्राच्या एकाच फेरीत कनिष्ठ ५, ज्येष्ठ ३९ व क्षेप उणे ४ मिळतात; कारण ३९ चा वर्ग १५२१ आणि ६१ गुणिले २५ म्हणजे १५२५. क्षेप उणे ४ आला की ब्रह्मगुप्तांची भावना पुढचे काम करते. तिने प्रथम ३८०५ व २९७१८ ही जोडी येते. तिचा क्षेप उणे १ असतो. तीच जोडी स्वतःशी जोडली की इष्ट उत्तर हाती येते. म्हणूनच शीर्षकातील संख्येतून १ वजा केल्यास २९७१८ च्या वर्गाची बरोबर दुप्पट उरते आणि १ मिळविल्यास ३८०५ च्या वर्गाची १२२ पट होते.

या रीतीचे सर्व श्रेय भास्कराचार्यांना देण्याची प्रथा मात्र तपासून पाहावयास हवी. भावनेचा नियम ब्रह्मगुप्तांच्या इ.स. ६२८ मधील ग्रंथात आहे. चक्रवाल रीत जयदेव या गणितीस ठाऊक होती, हे उदयदिवाकरांच्या १०७३ मधील 'सुंदरी' टीकेतील अवतरणांवरून कृपाशंकर शुक्ल यांनी १९५४ मध्ये दाखविले. रीत प्रत्येक वेळी उत्तरापर्यंत पोहोचतेच, याची सिद्धता या ग्रंथांत आढळत नाही. असे उत्तर नेहमी असते, हे लाग्रांज यांनी अठराव्या शतकात सिद्ध केले. फेर्मा यांना भारतीय ग्रंथ ज्ञात होते असे मानण्यास आधार नाही. कोलब्रुक यांचा इंग्रजी अनुवादच १८१७ चा. तेव्हा उसनवारीचा आरोप जितका पोकळ, तितकेच पेल यांचे नावही निराधार.

या विद्येचे जतन कसे झाले, याचा एक पुरावा महाराष्ट्रातच आहे. चाळीसगावजवळील पाटणे येथील, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणलेल्या, इ.स. १२०७ च्या शिलालेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याची नोंद आहे. पुढे सतराव्या शतकाच्या प्रारंभी, म्हणजे फेर्मा यांच्या आव्हानापूर्वीच, कृष्ण दैवज्ञ यांनी 'बीजगणिता'वर 'बीजपल्लव' ही टीका लिहून त्यातील रीतींची उपपत्ती मांडली.