पाठीला पाठ : एका वाड्याची वाटणी

घोटावड्याच्या माझ्या माहेरघराला दोन चौक होते आणि त्या दोन चौकांच्या मध्ये एकच भिंत होती. पुढच्या चौकात आम्ही राहत होतो, मागच्या चौकात चुलत आजोबांचे कुटुंब. आमच्या स्वयंपाकघराची मागची भिंत तीच त्यांच्याही स्वयंपाकघराची मागची भिंत. आमचा दरवाजा पूर्वेच्या रस्त्याला उघडे आणि त्यांचा पश्चिमेच्या बोळाला, त्यामुळे एकाच भिंतीला टेकलेल्या दोन चुलींमधले अंतर बाहेरून चालून गेले तर अख्ख्या आळीचा वळसा घेऊन पार करावे लागे.

यंदा पावसाळ्याआधी भावांनी मला हक्कसोडपत्राचा मसुदा पाठवला. घर मोडकळीला आले आहे, पाडून नवे बांधायचे आहे, आणि त्यासाठी कागद मोकळे हवेत. 'ताई, तुझी सही तेवढी राहिली आहे,' असा धाकट्याचा फोन आला. सही करण्याआधी मी ट्रंकेतले आजोबांच्या वेळचे मोडी वाटणीपत्र काढून एका जाणकारांकडून वाचून घेतले. हा लेख त्या वाचनातून निघाला.

पौड रस्त्यावर घोटावडे फाट्याला वळले की मुळा नदीच्या खोऱ्यातला हा भाग लागतो. इथला पाऊस ध्यानात घेतल्याशिवाय इथले घर कळत नाही. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेला पाऊस कमी, म्हणून तिकडे मातीची सपाट माळवदे चालतात. मुळशीत भात पिकवणारा पाऊस पडतो, तिथे उतरते छप्परच लागते. आमच्या घराचे जोते दगडी, त्यावर पांढऱ्या मातीच्या भिंती, तळखड्यांवर उभे लाकडी खांब आणि वर कौले. मे महिन्यात कौले उतरवून, फुटकी बदलून शाकारणी झाली नाही, तर आषाढात माजघरात भांडी मांडून बसावे लागे.

जुन्या कागदांत घर फुटांत मोजलेले नसते, ते खणांत मोजलेले असते. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. आमच्या वाटणीपत्रात पुढचा सोपा, चौक आणि माजघर इतके खण थोरल्याकडे गेले आहेत. मागची पडवी आणि परसाची जागा धाकट्याकडे. चतुःसीमा दिल्या आहेत, येण्याजाण्याची वहिवाट दिली आहे. गोठ्याचे दावे, उखळ, तांब्याचा हंडा यांचीही वाटणी आहे. देव थोरल्याकडे आणि कुळाचार त्याच्याच घरी.

धाकट्या आजोबांनी परसात आपले घर बांधले, तेव्हा थोरल्याच्या माजघराची मागची भिंत त्यांनी आपली मागची भिंत म्हणून वापरली. एक भिंत वाचली, खर्च वाचला. पण दोन्ही छपरांचा एकेक उतार आता त्याच भिंतीवर येऊन मिळू लागला. तिथे पाणी साचणार, म्हणून भिंतीच्या माथ्यावर पन्हळ बसवली. आधी लाकूड कोरून केलेली, पुढे पत्र्याची. वाटणीपत्राची शेवटची ओळ तिच्याबद्दलच आहे. भिंत आणि पन्हळ सामाईक, दुरुस्तीचा खर्च निमेनिम.

लागोपाठ जन्मलेल्या भावंडांना आपण पाठचा भाऊ, पाठची बहीण म्हणतो. आमच्याकडे पाठच्या भावांनी पाठीला पाठ लावून घरे बांधली. अशी पाठीला पाठ लावलेली चौकाभोवतीची घरे जगात इतरत्रही होती. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम, लीड्ससारख्या कारखानदारीच्या शहरांत मालकांनी मजुरांसाठी तशा रांगाच्या रांगा बांधल्या. मागे खिडकी नाही, वारा नाही, म्हणून १९०९च्या कायद्याने तशी नवी बांधकामे करण्यास मनाई झाली. बर्मिंगहॅममधला असा एक चौक आज वारसा म्हणून जपलेला आहे. तिथे ती रचना भाड्याच्या हिशेबातून आली, आमच्याकडे भावकीच्या हिशेबातून.

पुण्याच्या पेठांतले वाडे आणखी वेगळ्या वाटेने गेले. तिथे वाड्याचे तुकडे भाडेकरूंत झाले. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीला बांधली गेली. मालकाला दुरुस्ती परवडेना आणि भाडेकरूला जागा सोडवेना. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटले, तेव्हा नदीकाठच्या पेठांतले अनेक वाडे एका दिवसात गेले. मी लग्न होऊन आले ती अशाच एका वाड्यात, दोन खोल्यांत. चौकात एक नळ, आणि त्या नळावर रोज वाद. पण एखाद्या घरी बाळंतपण निघाले की सगळ्या वाड्याच्या चुलीवरून डबे जात. पुण्यात परके लोक एका चौकात राहून नातलगांसारखे झाले. घोटावड्यात नातलग मधल्या भिंतीमुळे परक्यांसारखे होत गेले.

सुरुवातीला तसे नव्हते. सामाईक भिंतीत चुलीशेजारी एक झरोका ठेवला होता. वाटणीपत्रात त्याचा उल्लेख नाही. तो बायकांनी ठेवून घेतला असे आजी सांगायची. पहाटे ज्या घरी आधी चूल पेटे, तिथून दुसऱ्या घरी विस्तव जाई. विरजण जाई, मीठ जाई, आजारी माणसासाठी पेज जाई. पुरुष माणसे बांधावरून भांडून आलेली असली तरी झरोक्यातून वाटी फिरायची थांबत नसे. मी लहान असताना त्यातून हात घालून पलीकडच्या चुलत बहिणीला चिंचा देत असे.

हिंदू एकत्र कुटुंबाची जुनी कायदेशीर ओळख तीन गोष्टींनी होते : अन्न, पूजा आणि मालमत्ता. तिन्ही एकत्र, ते एकत्र कुटुंब. चूल वेगळी झाली म्हणून वाटणी झाली असे न्यायालय मानत नाही, चूल ही फक्त एक खूण. आमच्या घरी उलटे होते. मालमत्ता वाटली गेली, पूजा एका घरी राहिली, आणि अन्न झरोक्यातून अर्धे एकत्र राहिले.

पुढे पन्हळीच्या खर्चावरून दोन्ही घरांत अबोला आला. रक्कम किती होती ते आज कुणाला आठवत नाही. झरोका एका दुपारी आमच्या बाजूने विटांनी बुजवला गेला. मी तेव्हा शाळेतून आले होते, गिलाव्याचा ओला वास येत होता आणि आजी भिंतीकडे पाठ करून तांदूळ निवडत होती.

त्या भिंतीलगतच्या खोलीत माझी आत्या राहायची. ती तरुणपणी विधवा होऊन माहेरी आली होती. बाळंतिणीची म्हणून असलेली ती अंधारी खोली तिला मिळाली. तिची शेगडी वेगळी, दोन पितळी डबे, एक जाते. घरातले निम्मे दळण ती करायची, चार भावंडांची आम्हा सगळ्यांची दुखणी तिने काढली. तरी घराच्या एकाही कागदावर तिचे नाव नाही.

आजोबा गेले ते १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतर. त्या कायद्याने मुलगी वारस झाली, म्हणजे आजोबांच्या हिश्शात आत्याचाही वाटा आला. पण त्याच कायद्यात कलम २३ होते. कुटुंब राहत असलेल्या घराची वाटणी स्त्री वारसाला मागता येणार नाही, पुरुष वारस वाटणी करायचे ठरवतील तेव्हाच तिचा वाटा निघेल. तोवर तिला फक्त राहण्याचा हक्क, आणि मुलगी असेल तर तोही ती अविवाहित, परित्यक्ता किंवा विधवा असेल तरच. आत्याने हे कलम कधी वाचले नाही. पण ती त्यात अगदी बरोबर बसत होती. 'मला काय, ही खोली आहे ना,' हे तिचे वाक्य कायद्याचेच वाक्य होते हे मला फार उशिरा कळले.

अबोल्याच्या तिसऱ्या की चौथ्या पावसाळ्यात पन्हळ पाल्याने तुंबली. आमच्याकडून कुणी वर चढले नाही, त्यांच्याकडूनही नाही. प्रत्येकाला वाटले, पाळी दुसऱ्याची. पाणी मातीच्या भिंतीत मुरत राहिले. भिंत फुगली आणि एका रात्री आत्याच्या खोलीच्या बाजूला कोसळली. ती गोठ्यात व्यालेल्या म्हशीपाशी गेली होती म्हणून वाचली. पहाटे दोन्ही घरची माणसे मातीच्या ढिगाच्या दोन बाजूंना उभी होती, आणि कित्येक वर्षांनी एकमेकांना समोरासमोर दिसत होती. भिंत पुन्हा उभी राहिली, सिमेंटची, एकट्या आमच्या खर्चाने. खोली पुन्हा झाली नाही. आत्याने उरलेले आयुष्य सोप्यात एका पडद्याआड काढले.

बाहेर काळ बदलत होता. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन झाले, त्यानंतर शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत अनेक नवऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. १९९४ साली महाराष्ट्राने कायदा बदलून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला, पण २२ जून १९९४पूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळले. मी त्यातच वगळली गेले. ९ सप्टेंबर २००५पासून केंद्राच्या दुरुस्तीने ती अट उरली नाही आणि कलम २३ही रद्द झाले. वडील आधी वारले असले तरी मुलीचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२०ला स्पष्ट केले. तोवर आत्या गेलेली होती.

आता गावठाणांची मोजणी ड्रोनने होते. २०२०च्या स्वामित्व योजनेत घरांना मिळकत पत्रिका मिळू लागल्या. वरून पाहणाऱ्या यंत्राला छपरे दिसतात, दोन छपरांमधली रेघ दिसते. त्या रेघेखाली कोण राहिले ते माणसांनीच सांगावे लागते.

हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणींना मी नावे ठेवणार नाही. माहेर तुटू नये म्हणून ती सही होते, आणि माहेर म्हणजे काय हे आत्याकडे पाहून मला ठाऊक आहे. भाऊही वाईट नाहीत. त्यांनी मसुदा पाठवला, पण त्यात माझ्या नावापुढे 'काहीही मोबदला न घेता, स्वखुशीने' असे आधीच छापलेले होते. स्वखुशी दुसऱ्याने छापून पाठवायची गोष्ट नाही, एवढेच मी धाकट्याला कळवले.

मी अजून सही केलेली नाही. नव्या घरात एक खोली बहिणींच्या नावाने कागदावर असावी, कुणी परत आलीच तर तिला पडद्याआड राहावे लागू नये, असे मी लिहून दिले आहे. उरलेला हिस्सा मी सोडायला तयार आहे. थोरला भाऊ म्हणाला, 'भाऊबीजेला ये, बसून बोलू.' मागच्या चौकातल्या चुलत बहिणीलाही मी बोलावले आहे. तिच्याकडेही तसाच मसुदा आलेला आहे. घर पाडण्याआधी आम्हा दोघींना त्या भिंतीतला बुजवलेला झरोका नेमका कुठे होता ते शोधायचे आहे. सिमेंटच्या भिंतीला लागून जुन्या भिंतीचा एक तुकडा अजून उभा आहे. मला वाटते, तो त्यातच असावा.