आधी वाचक, मग मालिका : थायलंडमधील ‘वाय’ मालिका आणि त्यांचा चाहतावर्ग

कलाकृती प्रथम निर्माण व्हावी आणि तिच्यामागून तिचा रसिकवर्ग गोळा व्हावा, असा क्रम सामान्यतः गृहीत धरला जातो. थायलंडमध्ये ‘वाय’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, दोन तरुणांच्या परस्परप्रेमावर आधारलेल्या दूरचित्रवाणी मालिकांचा इतिहास पाहू गेल्यास हा क्रम उलटा झालेला आढळतो. तेथे चाहतावर्ग आधी अस्तित्वात आला. त्याने आपल्या आवडीच्या कथा स्वतःच लिहिल्या व वाचल्या, आणि दूरचित्रवाणीने त्या मागाहून उचलल्या. या मालिकांतील नटांविषयी चाहत्यांच्या मनात जी विलक्षण आपुलकी आणि तिच्याबरोबरच जी मालकीची भावना दिसते, तिचा उलगडा या उलट्या क्रमातूनच होऊ शकतो.

‘वाय’ हे ‘याओइ’ या जपानी शब्दाच्या रोमन लिपीतील आद्याक्षर होय. १९७० नंतरच्या दशकात हागिओ मोतो, ताकेमिया केइको आदी लेखिकांनी मुलींसाठी निघणाऱ्या जपानी चित्रकथांच्या नियतकालिकांतून किशोरवयीन मुलांच्या परस्परप्रेमाचे विषय हाताळले. लिहिणाऱ्या स्त्रिया, वाचणाऱ्या बहुतांशी मुली आणि कथेत मात्र दोन पुरुष, अशी ही चमत्कारिक वाटणारी रचना होती. तीत वाचणारीला स्वतःच्या स्त्रीत्वाचे ओझे बाजूला ठेवून प्रेमकथा अनुभवता येत असे, हे तिच्या लोकप्रियतेचे एक कारण अभ्यासक देतात. १९९० नंतर या चित्रकथा अनधिकृत भाषांतरांच्या रूपाने बँकॉकच्या बाजारात आल्या. त्या वाचणाऱ्या मुलींना ‘साव वाय’, म्हणजे वाय-कन्या, असे नाव पडले. आरंभी या नावात थोडी टवाळी होती. पुढे त्या मुलींनीच ते अभिमानाने मिरविले.

या वाचकवर्गाच्या बाहेरील समाज अशा विषयाला कितपत सिद्ध होता, याची कल्पना २००७ च्या एका चित्रपटावरून येते. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात चुकियात सक्वीरकुल यांचा ‘लव्ह ऑफ सयाम’ प्रदर्शित झाला. बँकॉकमधील सयाम चौकाच्या परिसरात घडणाऱ्या या कथेचा गाभा दोन शाळकरी मित्रांमधील प्रेम हा आहे. परंतु जाहिरातींतून तो मुलामुलींच्या प्रेमाचा नेहमीचा चित्रपट वाटावा अशी योजना होती. परिणामी अनेक प्रेक्षकांनी आपली फसवणूक झाल्याची तक्रार केली. तरी चित्रपट गाजला, पारितोषिकांचा धनी झाला, आणि ऑस्करसाठी थायलंडतर्फे त्याचीच निवड झाली. त्याचा शेवट मीलनात होत नाही. आईच्या दुःखाने बांधलेला एक मुलगा दुसऱ्यास आपले प्रेम सांगतो, पण सोबत नाकारतो. हा शेवट साव वाय वाचकांना मानवणारा नव्हता. त्यांच्या कथांत जोडी जुळलीच पाहिजे असा दंडक होता.

त्या कथा आता थाई भाषेत, आंतरजालावर, क्रमशः प्रसिद्ध होऊ लागल्या होत्या. ‘डेक-डी’ नावाच्या विद्यार्थिप्रिय संकेतस्थळावर टोपणनावाने लिहिणारे अनेक हात होते. प्रत्येक प्रकरणाखाली वाचक आपला अभिप्राय नोंदवीत, पुढील भागाची घाई करीत आणि न रुचलेल्या वळणाविरुद्ध गाऱ्हाणे मांडीत. मराठी वाचकाला मासिकांतून क्रमशः येणाऱ्या कादंबऱ्या परिचयाच्या आहेत. पण तेथे वाचकाचे पत्र संपादकाच्या टेबलावरून जात असे, येथे ते थेट लेखिकेच्या हाती आणि इतर हजारो वाचकांच्या डोळ्यांपुढे पडे. अशा रीतीने घडलेल्या कथेवर आपलाही काही हक्क आहे, असे वाचकांना वाटू लागले तर त्यात नवल नाही.

याच संकेतस्थळावर वाचकप्रिय झालेल्या एका कथेवरून ‘लव्ह सिक’ ही मालिका तयार झाली आणि जुलै २०१४ मध्ये चॅनेल ९ वर सुरू झाली. दोन मुलांचे प्रेम हाच मुख्य विषय असलेली पहिली थाई मालिका म्हणून तिचा उल्लेख केला जातो. ती आली तो काळ ध्यानात घेण्याजोगा आहे. डिसेंबर २०१३ मध्ये थायलंडमध्ये २४ व्यापारी अंकीय वाहिन्यांच्या परवान्यांचा लिलाव झाला आणि एप्रिल २०१४ पासून त्यांचे प्रक्षेपण सुरू झाले. इतक्या वाहिन्यांचे तास भरून काढावयाचे तर तयार वाचकवर्ग असलेली कथा हाताशी असणे फार सोयीचे होते. मे महिन्यात लष्कराने सत्ता हाती घेतली होती. पण तरुणांच्या या निरुपद्रवी दिसणाऱ्या करमणुकीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नसावे. मालिकेच्या वाचकवर्गाने मात्र आपली पात्रे पडद्यावर पाहिली आणि लगोलग त्या पात्रांच्या जागी नटांना बसविले.

येथे ‘खू चिन’ या थाई शब्दाची फोड करणे अगत्याचे आहे. ‘खू’ म्हणजे जोडी. ‘चिन’ हे ‘इमॅजिन’ या इंग्रजी क्रियापदाचे शेपूट. थाई तोंडी ते कल्पना करणे या अर्थाने रुळले. खू चिन म्हणजे कल्पिलेली जोडी. पडद्यावरील दोन नटांमध्ये खरोखरच प्रेम असावे अशी चाहत्यांनी केलेली कल्पना, आणि ती कल्पनाच आहे याची जाणीव, ही दोन्ही या एका शब्दात नांदतात. व्यवहारात मात्र दुसरा अर्धा भाग वारंवार गळून पडतो.

या प्रथेला व्यवसायाचे रूप आले ते ‘सोटस’ या मालिकेपासून असे म्हणता येईल. ग्रॅमी समूहातील जीएमएमटीव्ही या संस्थेने ती २०१६ मध्ये प्रसारित केली. थाई विद्यापीठांत नवागतांना ज्येष्ठांपुढे वाकविण्याची जी रूढी आहे तिचे सोटस हे आद्याक्षरी नाव. अभियांत्रिकी शाखेतील एक उद्दाम ज्येष्ठ विद्यार्थी आणि त्याला आव्हान देणारा नवागत यांची ही कथा. क्रिस्ट पेरवत आणि सिंगटो प्रच्या या दोन नटांची जोडी तीमुळे थायलंडबाहेर चीन, जपान, फिलिपिन्सपर्यंत पोचली. संस्था आपल्या मालिका इंग्रजी उपशीर्षकांसह यूट्यूबवर विनामूल्य ठेवीत असे. भाषेची अडचण त्यामुळे उरली नाही. त्यानंतर नटांची निवडच जोडीने होऊ लागली. जोडीने जाहिराती, जोडीने मुलाखती, जोडीने चाहत्यांचे मेळावे असा क्रम पडला. मेळाव्यात नटाने जोडीदाराच्या खांद्यावर डोके टेकावे, त्याला घास भरवावा, आणि हजारो कंठांतून एकच आरोळी उठावी! या वर्तनाला थाई चाहते ‘सर्व्हिस’ असे निःसंकोच व्यापारी नाव देतात. चाहत्यांना फसविले जाते असे त्यामुळे म्हणवत नाही; ते या खेळाचे नियम जाणतात आणि तरीही खेळ खरा निघावा अशी आशा बाळगतात.

या आशेची किंमत नटांना मोजावी लागते. जोडीतील एकाने दुसऱ्या नटाबरोबर काम केले की चाहत्यांत तट पडतात. जोडीचे चाहते आणि एकट्या नटाचे चाहते यांचे वैर कधी कधी मालिकेतील दोन घराण्यांच्या वैराहून कडवे असते. नटाच्या खऱ्या मैत्रिणीचा सुगावा लागला तर तिच्यावर शब्दांचे आघात होतात. ज्या कथेत प्रेमाच्या स्वातंत्र्याचे गोडवे आहेत तिच्याच भक्तांनी नटाला ते स्वातंत्र्य नाकारावे, ही विसंगती या चाहतावर्गाच्या अभ्यासकाला टाळता येत नाही. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. नटाच्या वाढदिवसाला त्याच्या नावे धर्मादाय देणग्या देणारे आणि रात्र जागून मालिकांची अनेक भाषांत विनामूल्य भाषांतरे करणारेही हेच लोक आहेत.

हा सारा प्रकार राजकारणात जाऊन आदळला तो २०२० मध्ये. फेब्रुवारीत ‘टूगेदर’ ही मालिका सुरू झाली. ब्राइट वचिरवित आणि विन मेतविन हे तिचे नायक. साथीच्या टाळेबंदीत घरी अडकलेल्या आशियातील तरुणांनी ती अपूर्व उत्साहाने पाहिली. एप्रिलमध्ये ब्राइट याने ट्विटरवर एका छायाचित्रकाराची चित्रे पुढे पाठविली. त्यांच्या मथळ्यात हाँगकाँगची गणना देशांत केली होती. चिनी चाहते संतापले. नटाने क्षमा मागितली, पण तोवर काहींनी त्याच्या मैत्रिणीचे जुने लिखाण उकरून काढले होते आणि त्यात तैवानविषयीचा अनादर शोधला होता. मैत्रिणीविषयीचा जोडीभक्तांचा आकस आणि राष्ट्राभिमान यांची येथे कशी गाठ पडली, हे पाहण्यासारखे आहे. थाई चाहते नटाच्या बाजूने धावले. चिनी टीकाकारांनी थायलंडच्या दारिद्र्यावर आणि शासनावर तोंडसुख घेताच थाई तरुणांनी रागावण्याऐवजी आनंदाने माना डोलावल्या आणि आणखी बोला, अशी विनंती केली. स्वतःच्या शासनाविषयी जे उघड बोलणे धोक्याचे होते ते परक्याच्या तोंडून परस्पर बोलले जात होते. ज्याचा शत्रू शिवी म्हणून वापर करतो तेच ज्याला वरदान वाटते, त्याच्याशी भांडणार कसे?

हाँगकाँग व तैवानचे तरुण थाई बाजूस येऊन मिळाले. तिन्ही ठिकाणी चहात दूध घालतात, चीनमध्ये बहुधा घालीत नाहीत. एवढ्या धाग्यावर ‘दूधचहा-संघ’ हे नाव पडले. १४ एप्रिल रोजी बँकॉकमधील चिनी वकिलातीने निवेदन काढून एक-चीन तत्त्वाचा पुनरुच्चार केला आणि आंतरजालावरील गलबल्याची संभावना पूर्वग्रह व अज्ञान अशी केली. एका प्रेममालिकेच्या नटावरून उठलेल्या वादाची दखल वकिलातीने घ्यावी, हे अपूर्वच म्हटले पाहिजे. जून महिन्यातील गलवान खोऱ्यातील चकमकीनंतर या संघाच्या चित्रांत भारताचा मसाला चहाही येऊन बसला. आणि १ फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर म्यानमारचे तरुण त्यात सामील झाले. तोपर्यंत बहुतेकांना मूळ मालिकेचे विस्मरण झाले असावे. चिनी शासनाने सप्टेंबर २०२१ मध्ये ‘बायकी’ नटांवर आणि चाहत्यांच्या संघटनांवर निर्बंध घातले, त्यामागे देशांतर्गत कारणे अधिक होती. याउलट थाई शासनाच्या व्यापारप्रसार विभागाने त्याच वर्षी वाय मालिकांसाठी परदेशी खरेदीदार मिळविण्याचा उद्योग आरंभिला.

या मालिकांवरील सर्वांत गंभीर आक्षेप मात्र परकीयांचा नव्हे, घरच्यांचा आहे. समलिंगी पुरुषांचे म्हणणे असे की, आमच्या जीवनाच्या नावाने हे जे दाखविले जाते त्यात आम्ही कोठे आहोत? नायक बहुधा सांगतो की आपण समलिंगी नाही, केवळ या एकावर आपले प्रेम आहे. ‘सोटस’च्या पहिल्याच भागात नवागत ज्येष्ठाला सर्वांसमक्ष सुनावतो की तुला पत्नी केले म्हणजे तुझे ते माझे होईल. या वाक्यावर चाहत्यांनी टाळ्या दिल्या. पण दोन पुरुषांपैकी एकाला ‘पत्नी’ ठरविण्याच्या या प्रघाताचा अनेकांना उबगही आला. विशेष हे की हा आक्षेप चाहतावर्गातच वाढला आणि निर्मात्यांपर्यंत पोचला. नोप्पर्नात चैविमोन यांच्या ‘बॅड बडी’ने २०२१ मध्ये असे रूढ संकेत जाणूनबुजून मोडले, आणि चाहत्यांनी त्याचे स्वागत केले. त्याच हंगामातील ‘नॉट मी’ या मालिकेत तर विवाहसमतेसाठी रस्त्यावर इंद्रधनुषी ध्वज उलगडणारे तरुण दाखविले गेले. थॉमस बॉडिनेट यांनी २०२३ च्या आपल्या ग्रंथात फिलिपिन्स व जपान येथील चाहत्यांचा विचार केला आहे. त्यावरून साव वाय हा एकच साचा आता पुरत नाही, हे स्पष्ट होते.

थाई संसदेने जून २०२४ मध्ये विवाहसमतेचा कायदा संमत केला. त्याचे श्रेय मालिकांना देण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरलेला बरा, कारण त्या कायद्यामागे कार्यकर्त्यांचे अनेक वर्षांचे परिश्रम आहेत, आणि खू चिनवर जीव टाकणारा प्रत्येक जण शेजारच्या खऱ्या जोडप्याचा कैवार घेतोच असे नाही. मालिकांनी हा विषय घराघरांतील बैठकीच्या खोलीत नेऊन बसविला, इतके म्हणण्यास हरकत नाही. कायदा २३ जानेवारी २०२५ रोजी अमलात आला. त्या दिवशी शेकडो जोडप्यांनी सयाम पॅरागॉन या व्यापारी संकुलात विवाहाची नोंदणी केली. ‘लव्ह ऑफ सयाम’मधील दोन मुले ज्या परिसरात एकमेकांचा निरोप घेतात, तोच हा परिसर.